वाडा एक, बिऱ्हाडं चार: लहान कारखान्याचे सर्व्हर एका मशीनवर कसे आणायचे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात जिन्याखाली चार सीपीयू ओळीनं मांडलेले होते. पहिल्यावर टॅली. दुसऱ्यावर कास्टिंगची ड्रॉइंग आणि पॅटर्नच्या फायली, मागच्या यूएसबीला डिझाइन सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्सची चावी. तिसऱ्यावर हजेरी आणि पगार. चौथा सगळ्यात जुना, विंडोज सेव्हनचा. टायपिंगसाठी त्यावर दोन सॉफ्टवेअर: सरकारी पत्रांसाठी कन्नडचं नुडी आणि मराठी पत्रांसाठी श्री-लिपी. त्या चौथ्याचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर मोल्डिंगच्या वाळूतली काळी धूळ काजळीसारखी बसलेली. बोट फिरवलं की बोट काळं. आतली हार्ड डिस्क मधूनच टक्‌ करायची, थोडं थांबायची, पुन्हा टक्‌.

मालक म्हणाले, "चारी बदलायचे म्हणजे खर्च आलाच की ओ. एकच मोठा घेऊन भागत नाही काय?"

भागतं. त्यालाच सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. बीसीए किंवा डिप्लोमा करून नुकतेच या कामाला लागलेले असाल, किंवा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे तुमचं स्वतःचं युनिट, दुकान, पतसंस्था असेल आणि हे काम समजून घ्यायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पहिल्या पायरीपासून जाऊ.

हे नेमकं काय असतं

आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. पाया एक, छप्पर एक, विहीर एक, पण आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. एका बिऱ्हाडात भांडण झालं म्हणून शेजारची चूल विझत नाही. व्हर्च्युअलायझेशनमध्ये वाडा म्हणजे एक दणकट मशीन, त्याला होस्ट म्हणतात. बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आपण व्हीएम म्हणू. प्रत्येक व्हीएमला वाटतं की आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात हे सगळं वाटून देण्याचं काम हायपरवायजर नावाचं सॉफ्टवेअर करतं. एका व्हीएममध्ये विंडोज सर्व्हर, दुसऱ्यात लिनक्स, तिसऱ्यात जुनं विंडोज, सगळं एकाच वेळी चालतं.

कल्पना नवी नाही. आयबीएमनं १९७२ सालीच आपल्या मोठ्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं होतं. आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरमध्येच ही सोय आली ती २००५ मध्ये इंटेलच्या व्हीटी-एक्समुळे आणि २००६ मध्ये एएमडीच्या तशाच सोयीमुळे. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाचा हायपरवायजर आला आणि हे तंत्र लहान धंद्याच्या आवाक्यात आलं.

वाड्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. छप्पर गळलं की चारी बिऱ्हाडांत पाणी. त्या मालकांनी लगेच विचारलं होतं, "मग तो एक बंद पडला तर चारी बंद की ओ!" प्रश्न अगदी बरोबर होता. या कामातली निम्मी मेहनत छपरावर, म्हणजे वीज, डिस्क आणि बॅकअपवर जाते. ती घ्यायची तयारी नसेल तर चार वेगळे सीपीयू बरे.

तुमच्याकडे एकच टॅलीचं मशीन आणि त्याला जोडलेले दोन कॉम्प्युटर असतील, तर या वाटेला जाऊ नका. चांगला यूपीएस आणि रोजचा बॅकअप घ्या, तेवढं पुरे. तीन किंवा जास्त मशीन सतत चालू ठेवावी लागत असतील तिथे हा हिशेब जमतो.

आधी वही, मग स्क्रू ड्रायव्हर

पहिलं काम म्हणजे मोजदाद. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक मशीनला एक पान द्या. त्यावर कोणतं काम चालतं, कोणती सॉफ्टवेअर आहेत, लायसन्स कुणाच्या नावावर आणि कसलं, डोंगल आहे का, रॅम किती आणि त्यातली वापरात किती, डिस्क किती भरली आहे, कोण कधी वापरतं. शेवटी एक प्रश्न, जो वापरणाऱ्यालाच विचारायचा: हे मशीन बंद पडलं तर काम किती वेळ थांबून चालेल?

या प्रश्नाची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. हजेरीचं मशीन एक दिवस बंद राहिलं तरी चालतं, वहीत सह्या घेता येतात. टॅलीचं तसं नाही. आपल्या भागातल्या कारखान्याचं गिऱ्हाईक बरेचदा कोल्हापूर किंवा पुण्याकडचं असतं. भाषा एक, नातीगोती एक, पण कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदलतं. बिलात आयजीएसटी लागतो आणि माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल हवं. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही. टॅली बंद म्हणजे भरलेला ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर चहा पीत बसलेला आणि गिऱ्हाइकाचे फोन सुरू. त्या मशीनच्या पानावर मी लाल पेनानं 'अर्धा तास' लिहिलं. पुढचे सगळे निर्णय त्या दोन शब्दांवरून ठरले.

मोजायचं कधी, हेही महत्त्वाचं. गणेशोत्सवात अर्धं ऑफिस रिकामं असताना मोजलं तर आकडे खोटे निघतील. महिन्याची ७ ते २० तारीख पकडा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. याच दिवसांत मशीनवर खरा भार येतो. विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर लावून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कची नोंद आठवडाभर चालू ठेवा. त्या फौंड्रीत आम्ही मोजलं तेव्हा चारही प्रोसेसर दिवसाचा बहुतेक वेळ १० टक्क्यांच्या आतच होते. वीज मात्र चौघेही दिवसरात्र खात होते.

मशीन कसं निवडायचं

नवखा माणूस प्रोसेसरवर पैसे घालतो आणि रॅमवर वाचवतो. उलटं करा. प्रोसेसरचे कोर चार व्हीएमना मिळून प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटले तरी चालतात, कारण सगळ्यांना एकदम लागत नाहीत. रॅमचं तसं नाही, ती दिली की गेली.

फौंड्रीचा हिशेब असा होता: टॅलीला ८ जीबी, फायलींना ८, हजेरी-पगाराला ६, जुन्या विंडोजला ४. झाले २६. होस्टला स्वतःला निदान ४ हवेत, डिस्कवरचा डेटा सांभाळणारी झेडएफएस ही पद्धत वापरली तर त्याहून जास्त. ३२ मध्ये बसेल असं वाटतं, पण मग बॅकअप तपासायला पाचवी व्हीएम उभी करायला जागा उरत नाही. म्हणून ६४ घेतली, तीही ईसीसी प्रकारची. चूक झाली तर ती स्वतःच ओळखून दुरुस्त करणारी ही रॅम सर्व्हरच्या बोर्डावर चालते. हिशेबाच्या डेटासाठी तेवढा जास्तीचा खर्च मी नेहमी करायला लावतो.

डिस्क दोन घ्या, सारख्या मापाच्या, आणि आरशासारख्या जोडा, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जातं. त्याला मिरर किंवा रेड १ म्हणतात. एसएसडी घेताना सर्व्हरसाठी बनवलेली, लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्याची सोय असलेली मागा. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी चार व्हीएमच्या सततच्या लिखाणानं लवकर झिजते.

जुने कंपनी-सर्व्हर रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण आवाज ऐकून घ्या. अकाउंट बघणाऱ्या काकांच्या पाठीमागं तो दिवसभर घोंघावत राहणार असेल तर आठवड्यात तक्रार येईल. सुटे भाग गावात मिळतात का, तेही विचारा.

ठेवायची जागा मोल्डिंग शॉपच्या भिंतीला लागून नको. लोखंड आणि कोळशाची बारीक धूळ वीजवाहक असते, बोर्डावर बसली की शॉर्ट होण्याचा धोका. खानापूरकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तिथे जमिनीपासून फूटभर वर, लोखंडी स्टँडवर ठेवा.

वीज

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सर्व्हर जास्त करून विजेनंच मेलेले मी पाहिलेत.

फौंड्रीत इंडक्शन फर्नेस असेल तर ती लाईनमध्ये हार्मोनिक्स सोडते, म्हणजे विजेची लाट वेडीवाकडी होते. ऑफिसची लाईन फर्नेसच्या लाईनपासून वेगळी आहे का, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. अर्थिंग मोजून घ्या. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या. तो बाहेरची वीज आधी बॅटरीच्या डीसीमध्ये बदलतो आणि पुन्हा स्वच्छ एसी करून देतो. साधा ऑफलाइन यूपीएस घरच्या कॉम्प्युटरला ठीक, इथे नको.

यूपीएसची यूएसबी केबल होस्टला जोडा. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून राहते. ती जोडली आणि लिनक्सवर एनयूटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं की बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळतं आणि तो चारही व्हीएम नीट बंद करून मग स्वतः बंद होतो. हेस्कॉमची लाईट रात्री दोनला गेली आणि ऑफिसात कुणीच नसलं तरी. लावल्यानंतर एकदा खरोखर प्लग काढून बघा. मी काढायला लावतो तेव्हा मालकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते, पण ही चाचणी दिवसाउजेडी, आपण समोर असताना झालेली बरी.

आणखी एक. ऑफिसपासून शेडपर्यंत उघड्या अंगणातून तांब्याची लॅन केबल गेलेली असते. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की झटका त्या केबलीतून आत येतो आणि स्विच, नेटवर्क पोर्ट सगळं जळतं. तेवढा तुकडा फायबरचा करा. फायबरमधून करंट येत नाही.

हायपरवायजर कोणता

सध्या लहान धंद्यापुढे तीन वाटा आहेत.

व्हीएमवेअर हे या धंद्यातलं सर्वात जुनं मोठं नाव, १९९८ ची कंपनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं ती घेतली, त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची पद्धत बंद झाली आणि वर्गणी सुरू झाली. त्यांचं ईएसएक्सआय हे मोफत हायपरवायजर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. उत्पादन उत्तम आहे, पण अशा चढउतारावर चार व्हीएमच्या कारखान्यानं आपला पाया घालावा असं मला वाटत नाही.

हायपर-व्ही मायक्रोसॉफ्टचं, विंडोज सर्व्हर २००८ पासून सोबत येतं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर, मशीनचे सगळे कोर (निदान १६) मोजून लायसन्स केले तर, विंडोज सर्व्हरच्या दोन व्हीएम चालवता येतात. आणखी दोन हव्या तर सगळे कोर पुन्हा मोजायचे. हे लायसन्स आधीच विकत घेतलेलं असेल आणि सांभाळणाऱ्याला फक्त विंडोज येत असेल, तर हायपर-व्हीच घ्या.

तिसरं प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासूनचं, मुक्त स्रोत, आत डेबियन लिनक्स आणि केव्हीएम. नववी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ वर आली. सगळं काम ब्राउझरमधून होतं. आम्ही हेच निवडलं आणि पुढच्या पायऱ्या याच्याच आहेत.

बसवणं

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जा. इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड चालू करा. बरेचदा हे बंद असतं आणि मग व्हीएम सुरूच होत नाही. नवखा माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो.

प्रॉक्समॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ, म्हणजे बसवायच्या डिस्कची फाईल उतरवा, पेन ड्राइव्हवर चढवा, त्यावरून मशीन सुरू करा. डिस्क निवडायच्या पानावर थांबा. तिथे पर्याय उघडून झेडएफएस रेड १ निवडा आणि दोन्ही डिस्क दाखवा. हे आत्ता चुकलं तर नंतर सगळं पुसून पुन्हा करावं लागतं. पुढे आयपी पत्ता मागेल. राउटर आपोआप वाटतो त्या यादीबाहेरचा, कायमचा पत्ता द्या आणि वहीत लिहा. बाकी पानं पटापट होतात.

मशीन परत सुरू झालं की स्क्रीनवर काळ्या पडद्यावर फक्त एक पत्ता दिसतो. इथे बरेच जण गोंधळतात, खिडक्या, माऊस काहीच नाही! बरोबर आहे. त्या मशीनला आता स्क्रीन लागतच नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि ८००६ पोर्ट टाका. ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देईल, आपलंच आतलं मशीन असल्यानं पुढे जा. आत गेल्यावर पैसे न भरलेल्यांसाठी असलेली रिपॉझिटरी, म्हणजे अपडेट जिथून येतात ती जागा, चालू करा, एंटरप्राइझची बंद करा, मग अपडेट करा.

हा ८००६ चा दरवाजा राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका. रिमोट डेस्कटॉपचा पोर्टही नाही. 'घरून टॅली बघायचं आहे' म्हणून मालक मागणी करतातच. त्यांना व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात यायची सुरक्षित वाट, लावून द्या. उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं की चारी बिऱ्हाडं एका रात्रीत कुलूपबंद होतात.

पहिली व्हीएम

सुरुवात टॅलीपासून करू नका. फायलींची व्हीएम आधी करा, चुकलं तर मूळ मशीन तसंच आहे.

व्हीएम बनवताना डिस्क आणि नेटवर्क दोन्हीला व्हर्टआयओ प्रकार निवडा, तो सगळ्यात वेगवान. पण मग विंडोज बसवताना डिस्क निवडायचं पान कोरं येतं. एकही डिस्क दिसत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं की पोटात गोळा येतो. डिस्क आहे, फक्त विंडोजला तिची भाषा येत नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हरचा आयएसओ वेगळा उतरवून दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडून ठेवायचा, त्या कोऱ्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, आपल्या विंडोजच्या आवृत्तीचं फोल्डर दाखवायचं. डिस्क हजर. विंडोज बसल्यावर त्याच आयएसओमधून बाकीचे ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट चढवा. गेस्ट एजंट असला की होस्टला व्हीएम नीट बंद करता येते आणि बॅकअपही सुसंगत होतो.

प्रत्येक व्हीएमच्या पर्यायांत 'बूटला सुरू' चालू करा आणि क्रम द्या: आधी फायली, मग दोन मिनिटं थांबून टॅली, मग हजेरी. लाईट येऊन होस्ट उठला की बाकी सगळं आपोआप उठलं पाहिजे. सकाळी आठला शिफ्टवाला येतो, तेव्हा तुम्ही तिथे नसता.

जुनी मशीन आत आणणं

जिथे नव्यानं बसवता येतं तिथे नव्यानंच बसवा. जुनं घर सोडताना अडगळ बरोबर नेऊ नये.

टॅलीच्या बाबतीत जुन्या मशीनवर आधी लायसन्स सरेंडर करा. हे विसरून जुनं मशीन पुसलं तर नवीन जागी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि फोनाफोनी सुरू होते. सरेंडर, मग कंपनीच्या डेटाचा बॅकअप, मग नव्या व्हीएमवर बसवून लायसन्स चालू, मग डेटा परत. तपासायला दोन आकडे पुरतात: मागच्या महिन्याचा विक्रीचा बेरीज-आकडा आणि बँकेची शिल्लक, जुन्या आणि नव्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवून. त्या व्हीएमचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, पुढे बदलू नका, हार्डवेअर बदललं असं वाटून लायसन्स अडू शकतं.

विंडोजच्या लायसन्सचंही बघा. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं, ते उचलून व्हीएमला लावता येत नाही. ज्यांच्याकडून लायसन्स घेणार त्यांच्याकडून 'व्हीएमसाठी चालेल' असं लेखी घ्या.

नुडी आणि श्री-लिपीचं जुनं मशीन मात्र जसंच्या तसं आणावं लागलं. पंधरा वर्षांची पत्रं, ठराव, सभासदांच्या याद्या जुन्या फॉन्टमध्ये. नव्या विंडोजवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. हे दुखणं सीमाभागातल्या बहुतेक पतसंस्थांत, ग्रामपंचायतींत, शाळांत आहे, कारण आपलं ऑफिस दोन लिपींत चालतं. अशा मशीनसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं डिस्कटूव्हीएचडी हे मोफत साधन वापरा. चालू विंडोजमधूनच ते प्रत्येक डिस्कची एक फाईल करून देतं. ती फाईल प्रॉक्समॉक्सवर नेऊन नव्या व्हीएमला जोडायची. पहिल्यांदा जोडताना साटा किंवा आयडीई म्हणून जोडा. व्हर्टआयओ म्हणून जोडली तर जुनं विंडोज निळा पडदा दाखवतं.

या व्हीएमचं नेटवर्क कार्ड काढून टाका. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्याला जाळ्यात सोडणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. पत्र बघायचं असेल तर ब्राउझरमधल्या कन्सोलवरून बघता येतं. आणि सवडीनं एकेक फाईल युनिकोडमध्ये उतरवत जा. आज ही फाईल व्हीएममध्ये उघडते आहे तोवर हे काम सोपं आहे.

डोंगल होस्टच्या यूएसबीला लावून त्या व्हीएमला सोपवता येतो. दोन डोंगल एकसारखे असतील तर उपकरणाच्या क्रमांकानं नव्हे, पोर्टनं सोपवा. मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन मात्र सर्व्हरला लावून ठेवू नका. ती त्यांची सही आहे, त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या.

बॅकअप

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी अपडेटच्या आधी टॅलीच्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे गरज पडली तर परत जाता यावं म्हणून त्या क्षणाची स्थिती जपून ठेवली. अपडेट नीट झालं आणि स्नॅपशॉट काढायचा राहिला. स्नॅपशॉट असेपर्यंत बदललेल्या प्रत्येक तुकड्याची जुनी प्रत जपली जाते, त्यामुळे डिस्क हळूहळू भरत जाते. आठ महिन्यांनी ती पूर्ण भरली, महिन्याच्या २० तारखेला दुपारी. सगळ्या व्हीएम जागच्या जागी थबकल्या. ३बी भरायची होती. जास्तीची डिस्क आणून, जागा वाढवून, व्हीएम परत चालू करेपर्यंत संध्याकाळ झाली. डेटा गेला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक स्नॅपशॉटची तारीख आणि काढायची तारीख लिहिलेली असते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला. मिररही बॅकअप नव्हे. कुणी चुकून फाईल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर जायला हवा. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे वेगळं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. पहिल्या खेपेला पूर्ण आणि नंतर फक्त बदललेला भाग नेतं. रोज रात्री अकराला लावा. शिवाय दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. घरी गेलेली डिस्क कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे रॅन्समवेअरचा हात तिथपर्यंत पोचत नाही. धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर २०२२ च्या सुधारित नियमांप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. आपल्या सीएंना विचारून त्याप्रमाणे बसवा.

आणि मग तो परत आणून बघा. दर तीन महिन्यांनी टॅलीची व्हीएम बॅकअपमधून नव्या क्रमांकानं उभी करायची. सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क काढायला विसरू नका, नाहीतर एकाच पत्त्याची दोन टॅली जाळ्यात येतात आणि काका भलत्याच टॅलीत बिलं टाकतात. लायसन्स अडलं तरी एज्युकेशनल मोडमध्ये डेटा उघडतो का ते दिसतं. शेवटचं बिल कालचंच आहे का ते बघा. घड्याळ लावा. एक गिगाबिटच्या लॅनमधून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात, म्हणजे ५०० जीबीला सव्वा तासाच्या आसपास. वहीत लाल पेनानं 'अर्धा तास' लिहिलेलं होतं. म्हणून टॅलीची व्हीएम लहान ठेवायची, १०० जीबीची. तिला परत यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ड्रॉइंगच्या मोठ्या फायली दुसऱ्या व्हीएममध्ये, त्या मागाहून आल्या तरी ट्रक थांबत नाही.

बदलीचा दिवस

२१ तारखेनंतरचा सुट्टीचा दिवस निवडा. एका दिवसात एकच मशीन हलवा. आधी फायली, पुढच्या सुट्टीला हजेरी-पगार, मग टॅली. जुन्या मशीनची केबल काढायची, पण महिनाभर ते जिन्याखालीच राहू द्यायचं, आतल्या डिस्कसकट. पगार एकदा नव्यावर निघाला, ३बी एकदा नव्यावरून भरली, की मग हलवा.

यूपीएसच्या बटणावर मराठी आणि कन्नड दोन्हींत 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावा. रात्रीचा वॉचमन कोणती भाषा वाचतो, हे आधी विचारून घ्या. होस्टचा पासवर्ड, आयपीचे पत्ते आणि व्हीएम परत आणायच्या पायऱ्या कागदावर लिहून पाकिटात घालून मालकांच्या तिजोरीत ठेवा. तुम्ही गावाला गेलेले असताना दुसऱ्या कुणाला तो कागद वाचून काम करता आलं पाहिजे. शक्य असेल तर एकदा करवून बघा.

त्या चारपैकी ड्रॉइंगचं मशीन सगळ्यात नवं होतं. त्यातली धूळ ब्लोअरनं काढली, नवीन पंखा बसवला, रॅम वाढवली, दोन मोठ्या हार्ड डिस्क घातल्या आणि त्यालाच बॅकअप सर्व्हर केलं. त्यावर प्रॉक्समॉक्सही बसवून ठेवलं, म्हणजे मोठा होस्ट दुरुस्तीला गेला तर टॅलीची व्हीएम तिथेच उठवता येते, जरा सावकाश चालेल एवढंच. मालकांना ते करून दाखवलं. होस्टचा प्लग काढला, जुन्या मशीनवर टॅली उभी केली, काकांनी एक बिल काढलं. सतरा मिनिटं लागली.